स्टेम सेल म्हणजे काय? सिकलसेलच्या घरांनी आधी समजून घ्यावे, मग खिशात हात घालावा

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत सिकलसेलग्रस्त मुलांच्या घरी माझे जाणे-येणे असते. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका घरी गेले, तेव्हा त्या घरच्या आईने माझ्यासमोर एक गुळगुळीत रंगीत पत्रक ठेवले. त्यावर ‘स्टेम सेल थेरपी’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. खाली आजारांची यादी होती. मधुमेह, गुडघेदुखी, पक्षाघात, ऑटिझम, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. सगळ्यांवर एकच उपाय, स्वतःच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींची इंजेक्शने. खर्च काही लाखांत. मुलाच्या वडिलांनी बोखाऱ्याकडचा छोटा प्लॉट विकायची तयारी केली होती, उरलेले पैसे बचत गटातून उचलायचे होते.

त्या ताईने विचारले, “हे स्टेम सेल म्हणजे का असते जी? पैसे गेले तं गेले, पण पोरगा बरा होईन का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पण ते एका वाक्यात देता येत नाही. सिकलसेल हा विदर्भातल्या आपल्या समाजाच्या घराघरांतला विषय आहे आणि अशी पत्रके एकाच घरात येत नाहीत. म्हणून तिला जे सांगितले, ते जरा सविस्तर इथे लिहीत आहे.

एका पेशीपासून सुरुवात

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटींहून अधिक पेशी असतात, आणि त्यांचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. मेंदूची पेशी संदेश वाहते, स्नायूची पेशी आकुंचन पावते, स्वादुपिंडातील काही पेशी इन्सुलिन बनवतात, रक्तातील तांबडी पेशी प्राणवायू पोहोचवते. एकीचे काम दुसरी करत नाही. प्रत्येक पेशीचे काम ठरून जाते, त्यालाच पेशीचे विशेषीकरण म्हणतात.

पण या सगळ्या एकाच पेशीपासून आलेल्या असतात. आईचे बीजांड आणि वडिलांचा शुक्राणू एकत्र येऊन एक पेशी तयार होते. ती दुभंगते, दोनाच्या चार होतात, चाराच्या आठ. या पहिल्या काही पेशींपैकी प्रत्येकीत पूर्ण बाळ आणि त्याला पोसणारी वार, दोन्ही तयार करण्याची क्षमता असते. अशा पेशीला सर्वक्षम म्हणतात.

पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत शंभरेक पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते, आणि आतल्या छोट्या पुंजक्यापासून बाळ. आतल्या पुंजक्यातल्या पेशी शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतात, पण वार बनवू शकत नाहीत. त्यांना बहुक्षम म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या याच पेशींना भ्रूणीय मूलपेशी हे नाव आहे. उंदराच्या अशा पेशी १९८१ मध्ये वेगळ्या करता आल्या, माणसाच्या १९९८ मध्ये अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी.

तिसऱ्या आठवड्यात या पेशींचे तीन थर पडतात. बाहेरच्या थरापासून कातडीचा वरचा भाग, मेंदू आणि मज्जातंतू बनतात. मधल्या थरापासून हाडे, स्नायू, हृदय आणि रक्त. आतल्या थरापासून आतड्याचे अस्तर, यकृत, फुप्फुसाचे अस्तर. इथून पुढे प्रत्येक टप्प्यावर पेशीचे काम ठरत जाते आणि इतर शक्यता कमी होत जातात.

सगळ्याच पेशी मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत जात नाहीत. काही थोड्या अधल्यामधल्या टप्प्यावर राखून ठेवल्या जातात. त्या दुभंगतात तेव्हा काही पेशी पुढे जाऊन कामाला लागतात आणि काही पुन्हा मूळच्यासारख्याच राहतात, म्हणून साठा संपत नाही. स्वतःसारखी पेशी राखणे आणि कामाची पेशी घडवणे, ही दोन कामे जी करते ती मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल. इथे ‘मूल’ म्हणजे लेकरू नव्हे, मूळ.

प्रौढ माणसाच्या शरीरातल्या मूलपेशी बहुक्षम नसतात. त्यांची क्षमता आपापल्या खात्यापुरती असते. आतड्यातल्या मूलपेशी तीन ते पाच दिवसांत आतड्याचे अस्तर नवे करतात. कातडीच्या मूलपेशी कातडी भरून काढतात. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी समोरचा पारदर्शक पडदा दुरुस्त ठेवतात. हाडांच्या आतल्या मऊ गरात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्ताच्या मूलपेशी असतात. बोन मॅरो आणि चरबीत आणखी एका प्रकारच्या पेशी सापडतात, ज्यांच्यापासून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि चरबीच्या पेशी तयार करता येतात. त्या पत्रकातल्या चरबीच्या इंजेक्शनमागे याच पेशींचे नाव सांगितले जाते.

म्हणून ‘स्टेम सेल’ एवढेच ऐकून काही कळत नाही. कुठली स्टेम सेल, कुठून काढलेली, आणि ती काय बनू शकते, हे विचारावे लागते.

खंड सगळीकडे सारखे, उघडलेली पाने वेगळी

आता मूळ कोडे. सगळ्या पेशी एकाच पेशीपासून आल्या, तर त्या वेगळ्या का झाल्या? प्रत्येक पेशीत जनुकांची माहिती तीच असते. माणसात प्रथिने बनवण्याची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत, आणि ती मेंदूच्या पेशीतही आहेत, कातडीच्या पेशीतही.

आपल्या अनेक विहारांतील कपाटात बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड असतात. खंड सगळीकडे तेच. पण एका विहारात स्त्रियांच्या हक्कांवर अभ्यासवर्ग चालू असेल तर हिंदू कोड बिलाचा खंड टेबलावर असतो, दुसरीकडे अर्थशास्त्रावर चर्चा असेल तर रुपयाच्या प्रश्नावरचा. बाकीचे कपाटात असतात. नाहीसे झालेले नसतात, त्या दिवशी उघडलेले नसतात एवढेच.

पेशीतही असेच आहे. इन्सुलिन बनवण्याचे जनुक मेंदूच्या पेशीतही आहे, पण तिथे ते बंद आहे. हिमोग्लोबिनचे जनुक यकृताच्या पेशीत आहे, पण बंद आहे. कुठली जनुके उघडी आणि कुठली बंद, यावरून पेशीचा प्रकार ठरतो.

उघडझाप करण्याच्या मुख्य तीन रीती आहेत. पहिली, पेशीत काही नियंत्रक प्रथिने असतात. ती ठरावीक जनुकांवर जाऊन बसतात आणि ती चालू किंवा बंद करतात. एक नियंत्रक पुढचे दोन-चार नियंत्रक चालू करतो, ते त्यांच्या पुढचे, आणि अशी साखळी लागते. दुसरी, डीएनएचा धागा प्रथिनांच्या छोट्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे तो घट्ट गुंडाळलेला आहे तिथली माहिती वाचता येत नाही, जिथे सैल आहे तिथली वाचता येते. डीएनएवर लागणाऱ्या काही रासायनिक खुणाही ‘हे बंद ठेवा’ असे सांगतात. पेशी दुभंगताना या खुणा बऱ्याच अंशी पुढच्या पेशीत जातात, म्हणून यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते. तिसरी, शेजार. आजूबाजूच्या पेशी रासायनिक संदेश पाठवतात, आणि पेशी कुठे आहे व तिला काय संदेश मिळतात यावर तिची वाट ठरते.

विहारात आपण प्रतीत्यसमुत्पाद ऐकतो. कुठलीही गोष्ट स्वयंभू नाही, कारणे आणि परिस्थिती यांतून ती घडते. बुद्धांना अडीच हजार वर्षांपूर्वी पेशी ठाऊक होत्या, असे म्हणणे मात्र चुकीचे आहे. तसे दावे करणे दुसऱ्यांना शोभते, आपल्याला नाही. पण अंगी मूळचाच काही ठरीव गुण असतो असे न मानता कारणे शोधायची सवय ज्याला आहे, त्याला पेशीचे हे शास्त्र परके वाटणार नाही, इतके नक्की.

बंद खंड पुन्हा उघडता येतो का?

एकदा ठरलेले काम कायमचे असते, असे शास्त्रज्ञ बराच काळ मानत होते. इंग्लंडमधील जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बेडकाच्या अंड्यातले केंद्रक निकामी केले आणि त्याजागी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्याच्या पेशीतले केंद्रक घातले. काही अंड्यांतून धडधाकट पिल्ले वाढली. म्हणजे आतड्याच्या पेशीत पूर्ण बेडूक घडवण्याची माहिती शाबूत होती.

पुढे २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीच्या पेशीत फक्त चार नियंत्रक जनुके घातली, आणि ती पेशी मागे जाऊन भ्रूणीय पेशीसारखी बहुक्षम झाली. २००७ मध्ये माणसाच्या पेशीतही हे जमले. या पेशींना प्रेरित बहुक्षम पेशी, थोडक्यात आयपीएस पेशी म्हणतात. यासाठी भ्रूण लागत नाही, म्हणून त्यावरचा नैतिक वादही टळतो. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले. २०१४ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात तिच्याच कातडीपासून आयपीएस पेशींमार्फत बनवलेला पेशींचा पातळ थर बसवण्यात आला. यावर जगभर चाचण्या चालू आहेत. अशा पेशी नीट काम ठरवून न देता शरीरात सोडल्या तर गाठी होऊ शकतात, म्हणून या मार्गावर पावले जपून टाकली जातात.

पत्रके छापणारे याच संशोधनाचे नाव पुढे करतात आणि भलतेच काही विकतात.

बोन मॅरोमध्ये काय चालते?

आता आपल्या आजाराकडे येऊ. शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. एवढा पुरवठा करतात त्या बोन मॅरोमधील रक्ताच्या मूलपेशी.

त्या असतात हे सिद्ध केले कॅनडाच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी. त्यांनी किरणोत्साराने उंदरांचा बोन मॅरो नष्ट केला आणि दुसऱ्या उंदरांच्या बोन मॅरोच्या पेशी शिरेतून दिल्या. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर छोटे उंचवटे दिसले. त्यांत रक्ताच्या निरनिराळ्या पेशी बनत होत्या. हे निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आले, आणि प्रत्येक उंचवटा एकाच पेशीपासून वाढतो हेही पुढे दिसले.

रक्ताच्या मूलपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घडवणाऱ्या पेशी, सगळ्या होतात. वाट कशी फुटते? गाटा-१ नावाच्या नियंत्रकाचा जोर झाला तर पेशी तांबड्या पेशीच्या वाटेला लागते. पीयू-१ चा जोर झाला तर पांढऱ्या पेशींच्या काही प्रकारांकडे वळते. हे दोघे एकमेकांना दाबतात, त्यामुळे पेशी मध्येच अडकून राहत नाही. बाहेरूनही संदेश येतात. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि बोन मॅरो तांबड्या पेशी वाढवतो. डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्त वाढायचे इंजेक्शन देतात ते हेच, कारण त्यांचे मूत्रपिंड हा संदेश पाठवायला कमी पडते.

शेवटच्या टप्प्यावर तांबडी पेशी आपले केंद्रकच टाकून देते आणि हिमोग्लोबिनने भरून जाते. मग ती दुभंगू शकत नाही, स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. तिच्यात काही चूक असेल तर ती तिथे सुधारता येत नाही. चूक मागे, मूलपेशीत शोधावी लागते.

सिकलसेलची चूक कुठे आहे?

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिन या जनुकात एकाच अक्षराचा बदल असतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्यांसारखे होते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून असह्य वेदना होतात. अशी पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी पडते.

आई आणि वडील दोघांकडून हे जनुक आले तर मूल ग्रस्त (एसएस) असते. एकाकडूनच आले तर वाहक (एएस). वाहकाला सहसा त्रास नसतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते.

म्हणजे आई आणि वडील, दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही. तरीही आजार निघाला की बोल सुनेलाच लागतो, हे मी घरोघरी पाहिले आहे. हा ‘अमक्या जातीचा आजार’ही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हे जनुक टिकले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि मध्य भारत, सगळीकडे ते आहे. आपल्याकडे विदर्भात अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास समाजांत ते जास्त दिसते. जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या प्रथेने दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, एवढाच जातीचा त्याच्याशी संबंध.

आता पत्रकाकडे पुन्हा पाहू. चूक जनुकात आहे, आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीत ते जनुक तसेच आहे. मुलाच्या स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशीतही तीच चूक आहे. शिवाय चरबीतल्या त्या पेशी रक्ताच्या खात्यातल्या नाहीत. त्या शिरेतून दिल्या म्हणून रक्त बनवायला लागत नाहीत. म्हणजे हा उपाय दोन्ही बाजूंनी फसतो.

मग खरा उपचार कोणता?

रक्ताच्या मूलपेशींचे रोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. अमेरिकेच्या ई. डोनॉल थॉमस यांनी १९५० च्या दशकात याची सुरुवात केली आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतात पहिले रोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. सिकलसेल याने बरा होतो हे अमेरिकेतल्या एका आठ वर्षांच्या मुलीमुळे कळले. तिला ब्लड कॅन्सरही होता. कॅन्सरसाठी तिला भावाचा बोन मॅरो दिला आणि सिकलसेलही गेला. ही हकिकत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. तो भाऊ स्वतः सिकलसेल वाहक होता. म्हणजे वाहक भावंडही दाता होऊ शकते.

उपचार असा असतो. आधी औषधांनी रुग्णाचा जुना बोन मॅरो रिकामा करतात. मग दात्याच्या मूलपेशी रक्ताच्या पिशवीसारख्याच शिरेतून देतात. त्या रक्तातून फिरत आपल्या आपण हाडांत पोहोचतात, तिथे रुजतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात. रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचा रक्तगटही बदलून दात्याचा होतो. मूलपेशी म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

पण काही गोष्टी आधीच ठाऊक हव्यात.

१) दात्याचा एचएलए जुळावा लागतो. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. त्याचा रक्तगटाशी संबंध नाही. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते.

२) धोका खरा आहे. जंतुसंसर्ग होऊ शकतो, दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. लहान वयात, पूर्ण जुळणाऱ्या भावंडाकडून केलेल्या रोपणाचे निकाल सगळ्यांत चांगले असतात.

३) रोपणाने रक्त बदलते, बीजांडे किंवा शुक्राणू बदलत नाहीत. बरा झालेला मुलगा मोठा होऊन बाप झाला, तर त्याच्या प्रत्येक अपत्याला सिकलसेलचे एक जनुक जाणारच. म्हणून जोडीदाराची तपासणी तेव्हाही लागते. हे बहुतेक घरांना कोणी सांगितलेले नसते.

जन्मानंतर मिटणारे पान

सिकलसेलचे बाळ जन्मल्यावर पहिले पाच-सहा महिने ठीक असते. कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्याचे जनुकही वेगळे, आणि त्यात चूक नसते. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचा नियंत्रक ते जनुक हळूहळू बंद करतो आणि प्रौढ हिमोग्लोबिनचे जनुक चालू होते. मग त्रास सुरू होतो. निरोगी पान शरीरातच आहे, पण मिटलेले.

सरकारी रुग्णालयांत मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी बाळपणीचे हिमोग्लोबिन काही प्रमाणात पुन्हा वाढवते, म्हणून वेदनेचे झटके कमी होतात. ती रोज घ्यावी लागते, मधूनमधून रक्त तपासून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. “ती कॅन्सरची गोळी आहे” म्हणून अनेक घरांत ती बंद केली जाते. ती कॅन्सरमध्येही वापरतात हे खरे, पण सिकलसेलमध्ये तिचे काम हे आहे.

यापुढची पायरी म्हणजे जनुक संपादन. रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी काढून त्यांत बीसीएल११ए चा जोर कमी करतात आणि त्याच पेशी परत देतात. दाता शोधावा लागत नाही. कॅसजेव्ही या नावाच्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत किंमत ठेवली २२ लाख डॉलर. आपल्या रुपयांत कोट्यवधी. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वदेशी उपचारावर काम चालू आहे. तो आला तर कोणाला, कुठे आणि किती पैशांत मिळणार, हा प्रश्न आपण आजपासून विचारला पाहिजे. ज्या समाजांच्या अंगी हा आजार आहे त्यांच्या हाती उपचार पोहोचला नाही, तर त्या शोधाचा आपल्याला काय उपयोग?

नाळेचे रक्त आणि इतर दुकाने

बाळंतपणाच्या वेळी नाळेतले रक्त खासगी बँकेत साठवा, तो बाळाचा आयुष्याचा विमा आहे, असे सांगितले जाते. नाळेच्या रक्तात रक्ताच्या मूलपेशी असतात हे खरे. पण बाळाला सिकलसेल असेल तर त्याच्या नाळेतही तीच चूक असते, त्याला स्वतःला त्याचा उपयोग नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, अशा खासगी साठवणुकीची सरसकट शिफारस करत नाही. घरात थोरल्या मुलाला या पेशींनी बरा होणारा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तेव्हा धाकट्याच्या नाळेचे रक्त साठवण्यात अर्थ आहे. सिकलसेलच्या घरांना ही बाब लागू पडते. ती डॉक्टरांना विचारा, एजंटला नको.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ठरावीक आजारांसाठीचे रक्ताच्या मूलपेशींचे रोपण सोडले तर मूलपेशींचा इतर वापर हे संशोधन आहे. तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कुणी असा उपचार देऊ केला तर एवढे विचारा. पेशी कुणाच्या आणि कुठून काढलेल्या? त्या शरीरात जाऊन काय बनणार? ही चाचणी असेल तर तिची नोंदणी कुठे आहे? मग पैसे कशाचे? उत्तर लेखी द्याल का? कालाम सुत्त आपण विहारात ऐकतो. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, ही शिकवण दवाखान्याच्या दारातही तेवढीच खरी आहे.

आपल्या हातात काय आहे?

लग्नाआधी सिकलसेलची रक्ततपासणी. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्या तपासणीला आपण होऊन जावे. पहिली सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली तर त्यावर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावी, कारण वाहक की ग्रस्त हे त्यातूनच कळते. घरात ग्रस्त मूल असेल तर भावंडांच्या एचएलए तपासणीबद्दल डॉक्टरांशी लवकर बोलावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

आणि एक काम संघटनांसाठी. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मांडवात बोन मॅरो दात्यांची नोंदणीही करता येईल. त्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. एचएलए बहुधा आपल्याच समाजगटात जुळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आपली तरुण मुले-मुली नोंदणीत नसतील, तर ब्लड कॅन्सर किंवा अप्लास्टिक ॲनिमिया झालेल्या आपल्या रुग्णाला दाता सापडणे अवघड जाते.

त्या ताईच्या घरी पुढे काय झाले, तेही सांगते. धाकट्या बहिणीची एचएलए तपासणी झाली. जुळली नाही. त्या दिवशी ती माउली खूप रडली, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. मुलाची गोळी मात्र पुन्हा नियमित सुरू झाली आहे, शाळेतली गैरहजेरी कमी झाली आहे. प्लॉट विकला गेला नाही. परवा गेले तेव्हा तिने तेच पत्रक शेजारणीला दाखवले आणि मी सांगितलेले तिने तिच्या भाषेत सांगितले, “त्याच्याच चरबीतल्या पेशी, त्यातही तेच दुखणं हाय, तं बरं कसं करन?”

हे एवढे प्रत्येक वस्तीत एका बाईला जरी नीट सांगता आले, तरी बरीच घरे वाचतील.

जय भीम, नमो बुद्धाय.